कपाळ बघून दिलेला शेरा

४ नोव्हेंबर २०२५

ती. बलभीम मामांना सोनालीचा नमस्कार, मामींना त्याहून मोठा.

फोन करत नाही म्हणून रुसू नका. मागच्या खेपेला तुम्हाला नीट ऐकू येईना म्हणून तुम्ही स्पीकर लावलात, आणि तेरच्या पारावर बसलेल्या सगळ्या मंडळींनी माझ्या कचेरीची भानगड चवीनं ऐकली. तिसऱ्या दिवशी एका सरपंचानं मलाच ती परत सांगितली. कानातलं मशीन डब्यात ठेवायला घेतलंय का तुम्ही? तोवर पाकीट बरं.

लोहाऱ्याहून इथं आले ती निराधार अनुदानाच्या पडताळणी पथकाची प्रमुख म्हणून. काम तुमचंच. विधवा, टाकलेल्या बायका, कुणी नसलेली म्हातारी माणसं यांना सरकार महिन्याला अनुदान देतं, त्यात खोटी नावं कुणाची ते हुडकायचं. तुम्ही जन्मभर केलंत, पण तुमच्याकडं जीप होती, ड्रायव्हर होता, हाताखाली माणसं होती. माझी जीप दिवाळीआधीच परत गेली, कारण तरतूद कापली. आता आम्ही काळीपिवळीत बकऱ्यांशेजारी बसून गुपचूप चौकशीला जातो. आम्ही पोचायच्या आधी गावाला कळलेलं असतं.

माणसंही कापली. उरलो मी, रणधीर आणि करिश्मा. ती दोघं मानधनावर आहेत, आणि वरून आलंय की जानेवारीअखेर दोघांपैकी एकालाच मुदतवाढ द्यायची. कुणाला ते मी ठरवायचं. रात्रंदिवस तेच डोक्यात असतं.

रणधीर चपळ आहे. दिवसात चार गावं उरकतो, मोबाईलवर फोटो काढून आणतो. करिश्मा एकाच वस्तीवर दिवस घालवते. आणि मामा, मला तिचा शक यायला लागलाय. बिरोबाच्या माळावर धनगरांची वस्ती आहे. तिथल्या एकूणएक विधवांपुढं तिनं 'पात्र' असा शेरा मारलाय. एकसुद्धा अपात्र नाही! असं कधी असतं का? मी खोलीत शिरले की ती फोन आटोपता घेते. काय करू सांगा.

तुमची भाची,
सोनाली

•

तेर, १२ नोव्हेंबर

चि. सोनालीस मामाचे आशीर्वाद.

मशीन कानात घातलं की तुझ्या मामीची बोलणी फार स्पष्ट ऐकू येतात, म्हणून काढून ठेवलंय. पारावरच्यांना मी दम दिलाय. ते हसले, ती गोष्ट वेगळी.

आता कामाचं. एकूणएक पात्र? हॅट! अगं, मी एवढी वर्षं घासली, असं गाव मला कुठं घावलं न्हाय. जिथं शेरा इतका साफ, तिथं कुणीतरी हात फिरवलेला असतो. पोरगी कुठली? तिचं कुणी सोयरं त्या माळावर हाय का ते आधी बघ.

आणि विधवांची पडताळणी कशी करायची ते तुला तुझ्या ट्रेनिंगात कुणी सांगितलं नसणार. नवऱ्याचा मृत्यूचा दाखला खरा असतोय गं, तो बघून काय उपयोग? बाई पुन्हा संसाराला लागली का, ही खरी भानगड. आपल्याकडं विधवेचा पाट लागतो, दुसरा घरोबा होतो. घरातल्या घरात, चार माणसांत. त्याला पत्रिका न्हाय, नोंद न्हाय, फोटो न्हाय. मग ओळखायचं कशावरून? कपाळ, मनगट आणि गळा. कुंकू हाय, हिरव्या बांगड्या हायत, काळे मणी हायत, तर नवरा हाय. संपला विषय. आम्ही आडावर जाऊन पाणी मागायचो, बाई तांब्या घेऊन आली की एका नजरेत निकाल.

एक ध्यानात ठेव. तोंडानं विचारायचं न्हाय. विधवेला तोंडावर 'तू पाट लावलास का' असं विचारणं शोभत न्हाय, गाव अंगावर येतं. आणि त्या करिश्मालाही विचारू नको, सावध होईल. गप बघत राहा.

रणधीर मला बरा वाटतो. चपळ पोरगा कामाला बरा.

मामा

•

२ डिसेंबर

ती. मामांना नमस्कार.

तुमच्या सांगण्याप्रमाणं गप बघत राहिले, आणि जे दिसलं त्यानं माझी झोपच उडाली.

करिश्मा मूळची माळाखालच्या गावातली आहे. तिची आजी माळावर दूध आणायला जायची, हे ती शिपायाला बोलता बोलता बोलून गेली. परवा माळावरची एक बाई, सखूबाई तिचं नाव, कचेरीत आली. माझ्याकडं आलीच नाही. करिश्माच्या टेबलाखाली खरवसाचा डबा सरकवला आणि चालती झाली. करिश्मानं डबा उघडून मला वाटी दिली. मी घेतली नाही, पोट बरं नाही म्हणाले. तोंड गोड करून मलाही वाटेकरी करायला निघाली होती काय कोण जाणे.

आणि मामा, सखूबाईचं कपाळ! एवढं ठसठशीत कुंकू. हातात हिरव्या बांगड्या. आमच्याकडं तिचं नाव विधवा म्हणून चालू आहे, नवरा कधीचाच वारलेला.

मग मी रणधीरला माळावर पाठवलं. त्यानं लांबूनच फोटो काढून आणले. फोटोत आलेल्या सगळ्यांच्या गळ्यात मणी, कपाळाला कुंकू. वस्तीतल्या एकूणएक विधवांनी पाट लावले आणि करिश्मानं एकीचंही नाव कळवलं नाही, असं कसं? तिला हे दिसत नाही? का दिसतंय आणि ती मिटवते?

काल तिची पिशवी कलंडली आणि आतून कागदात गुंडाळलेल्या हिरव्या बांगड्या घरंगळल्या. तिनं गडबडीनं गोळा केल्या. मी विचारणार होते. जिभेवर आलं होतं. पण तुमचं पत्र आठवलं नि गप्प राहिले.

मला वाईट वाटतं हो. पोरगी कामाला वाघ आहे. उन्हात चालत जाते, कधी कुरकुर नाही. म्हाताऱ्या माणसांना हात धरून खुर्चीवर बसवते. असं माणूस आतून पोखरलेलं निघालं तर मग भरवसा कुणावर ठेवायचा?

सोनाली

•

तेर, ९ डिसेंबर

चि. सोनालीस आशीर्वाद.

खरवस घेतला न्हाईस, शाब्बास. मी घेतला असता आणि वर चौकशीही केली असती, पण ते दिवस वेगळे होते.

अगं, गोड बोलणाऱ्याचाच शक आधी घ्यावा. तुसडा माणूस लबाडी करायला गेला तर त्याला जवळ कोण येऊ देईल? बांगड्यांचं तर सरळ दिसतंय. पोरगी नुसती डोळेझाक करत न्हाय, पाट लावून देण्यातही तिचा हात असणार. बाईला नवरा मिळवून द्यायचा, अनुदानही चालू ठेवायचं, मग बाया का न्हाय खरवस आणणार?

तू स्वतः एकदा जा. न सांगता. रणधीरला घेऊ नको, एकटी जा. डोळ्यानं बघितलेलं तुला वर सांगता येईल, ऐकीव न्हाय.

रणधीरला मात्र हातचा घालवू नको. असं इमानदार पोर आता घावत न्हाय.

तुझी मामी विचारते, थंडीत गोधडी पुरते का? ती आणि काय काय विचारते, पण मशीन डब्यात हाय.

मामा

•

१९ जानेवारी २०२६

ती. मामांना नमस्कार.

गेले होते. संक्रांत झाल्यावर दुपारी, कुणाला न सांगता. करिश्मानं त्या दिवशी रजा टाकली होती, घरी काम आहे म्हणून.

काळीपिवळीनं माळाच्या पायथ्याशी सोडलं. वर चढले, पाण्याच्या टाकीआड उभी राहिले. बिरोबाच्या देवळापुढं बायका जमलेल्या. हळदीकुंकू चाललं होतं. मध्ये कोण बसलेली, तर आमची करिश्मा! परातीत बांगड्या, आणि ती सखूबाईचा हात हातात घेऊन एकेक बांगडी चढवत होती. सखूबाई नव्या नवरीसारखी लाजत होती मामा, तोंडाला पदर लावून. बाकीच्या तिला चिडवत होत्या. शेजारी एक बाप्या मेंढरं अडवून उभा होता, बिरू म्हणून हाक मारत होत्या त्याला. त्यानं तिच्या हातचा तिळगूळ घेतला, तिच्याच तांब्यातून पाणी प्यायला. आणखी काय बघायचं राहिलं?

एक क्षण वाटलं, पुढं व्हावं आणि सरळ विचारावं, काय चाललंय गं हे? बायकांतली बाईच आहे की मी. पण कुणी 'या की मॅडम' म्हणालं असतं, कुंकवाचं बोट पुढं केलं असतं, तर मी पथकप्रमुख कुठं राहिले असते? तशीच मागं फिरले.

खाली येईपर्यंत रडू फुटलं. संताप आणि वाईट वाटणं दोन्ही एकदम.

सोनाली

•

तेर, २४ जानेवारी

चि. सोनाली,

आता कसला विचार करतेस? तो बिरू म्हणजे दीर असणार. दिरासंगं पाट लागायची चाल जुनी हाय. तुझ्या डोळ्यांदेखत सगळं उघडं पडलंय.

अनुदान थांबव. पोरीला मुदतवाढ देऊ नको. रणधीरला ठेव. हातातली माणसं कमी झाली की एक सडकं माणूस सगळं पथक बुडवतं. रडायचं असलं तर सही झाल्यावर रड.

मामा

•

३ फेब्रुवारी

ती. मामांना नमस्कार.

सही झाली. माळावरच्या सगळ्या बायकांचं अनुदान थांबवलं, शेरा 'पुनर्विवाहित, अपात्र'. करिश्माला मुदतवाढ नाही, रणधीरला आहे.

करिश्माच्या हातात आदेश मी दिला नाही. त्या दिवशी मुद्दाम धाराशिवची मीटिंग काढली आणि रणधीरला द्यायला सांगितलं. तिचे फोन आले. उचलले नाहीत. तिनं डोळ्यात पाणी आणलं असतं तर मी विरघळले असते, एवढी माझी मला खात्री आहे.

माळावरच्या बायका कचेरीत आल्या, तेव्हाही मी नव्हते. रणधीर सांगतो की त्यानं त्यांना दारातूनच परत लावलं. 'आधी आरशात कपाळ बघा, मग अनुदान मागा' म्हणाला. शिपाई हसला म्हणे. त्या काही न बोलता गेल्या. खऱ्या असत्या तर भांडल्या असत्या, नाही का?

आता पथकात दोघंच आहोत. काम कुणाच्या बापाला उरकणार नाही, पण निदान शक तरी राहिला नाही. मग झोप का येत नाही, ते सांगा.

सोनाली

•

तेर, २ मार्च

सोनाली बाळा, तुला तुझ्या सत्यभामा मामीचा आशीर्वाद.

हे लिहिणार न्हाईत म्हणून म्या लिहिते. सातवी शिकले म्या, हात वळत न्हाई आता, समजून घे. तुझी सगळी पत्रं यांनी पेटीत ठेवलेली, काल म्या वाचली. वाचून मला असा राग आला की जेवायला वाढलं न्हाई यांना. अजून बाजरीची भाकर स्वतः थापायलेत. थापू दे.

अगं, त्या माळावरच्या बायकांनी पाट न्हाई लावला. त्यांच्या गावात गेल्या साली ग्रामसभा झाली. नवरा मेला म्हणून बाईचं कुंकू पुसायचं न्हाई, बांगड्या फोडायच्या न्हाईत, मणी तोडायचे न्हाईत, असा ठराव झाला. सगळ्या विधवा सवाष्णीसारख्या राहतात तिथं. आमच्या तेरातल्या बायका संक्रांतीनंतर गेल्या होत्या बघायला, म्या पण गेले होते. तो ठराव त्या करिश्मानं घडवून आणला. घराघरात जाऊन म्हाताऱ्यांच्या पाया पडली पोरगी. सखूबाई वर्षभर तयार होत न्हवती, मला शोभत न्हाई म्हणायची. ह्या संक्रांतीला पहिल्यांदा देवळापुढं सगळ्यांदेखत हात पुढं केला तिनं. ते तू टाकीआडून बघितलंस. लाजणार न्हाई तर काय करंल?

कुंकू, बांगड्या ती आधीपासून गुपचूप घालायची, कचेरीत जाताना. तिथं कुणी वळखत न्हाई म्हणून.

आणि बिरू तिचा दीर हायच. पण त्याची बायको, लेकरं हायती. वहिनीच्या तांब्यातून पाणी पिलं तर पाट लागतो व्हय? मग तुझ्या मामाचे किती पाट लागलं असतील, सगळ्या गावात पाणी पीत हिंडायचे!

आणि आणखी एक. रणधीर कुणाचा पोरगा हाय ठाव हाय का तुला? बब्रुवानचा. यांच्या जीपवरचा ड्रायव्हर बब्रुवान. दसऱ्यापासून तो आमच्या ओट्यावर बसून असायचा, माझ्या पोराचं बघा साहेब, म्हणून. यांनी शब्द दिला होता. तुला लिहिलं न्हाई. पोरगा वाईट न्हाई तो, पण तुला सांगायला नको व्हतं का? म्या इचारलं तर म्हणतेत, मशीन डब्यात हाय.

कुणालातरी तोंडानं इचारायचं व्हतंस गं बाई. कुणालाही. मला तरी.

मामी

•

९ मार्च

करिश्मा,

कुठल्या तोंडानं लिहिते ते मलाच माहीत. फोन करायची हिंमत नाही, तू उचलू नयेस असंच मनात येतं.

मला सगळं कळलं. सत्यभामा मामींनी सांगितलं. काल मी त्या ग्रामपंचायतीत गेले, सरपंचांशी बोलले, आणि आज माळावरच्या सगळ्यांचं अनुदान पुन्हा चालू करण्याचा आदेश काढला. शेरा मी स्वतः खोडला. रणधीरला त्या बायकांची माफी मागायला लावलं. तो गेला आणि मागूनही आला. आपण कुणाला काय बोललो ते त्याला तोवर कळलंच नव्हतं.

मी तुला भ्रष्ट समजले. तुझ्या पिशवीतल्या बांगड्या बघून नाही नाही ते समजले. तू समोर बसत होतीस, रोज. मी एकदाही विचारलं नाही. मामांनी नको सांगितलं होतं हे खरं, पण मामा तेरला होते आणि तू माझ्या समोर. त्यांच्यावर ढकलून मी सुटत नाही.

जागा एकच आहे. रणधीरच्या वडिलांचा आणि मामांचा काय शब्द झाला होता तो झाला असेल, पण सही माझी असते. एप्रिलपासून त्या जागेवर तुला घ्यायचं, असं मी वर कळवू का? एवढं उत्तर दे. शिव्या देऊन दिलंस तरी चालेल.

सोनाली

•

२४ मार्च

सोनाली मॅडम,

शिव्या येत नाहीत मला, माझ्या आजीला येत होत्या. तुमचं पत्र दोनदा वाचलं.

रणधीरला काढून मला घेऊ नका. त्याच्यावर माझा राग नाही, त्याच्या घरीही चूल आहे. आणि खरं सांगू का, माझं मन नाही आता. तुम्ही माझ्यावर शक घेतलात हे मी एक वेळ विसरेन. पण तुम्ही टाकीआडून बघून परत गेलात ना, ते मला लागलं. मी हाक मारली असती हो. त्या बायकांनीसुद्धा मारली असती. तुमच्यासाठी एक खण आणून ठेवला होता, सगळ्यांनी मिळून. मॅडमना एकदा बोलवायचं असं किती दिवस चाललं होतं. मी तुम्हाला सांगायला दोनदा आले, तुम्ही फायलीतून वर बघितलं नाहीत, म्हणून राहिलं. तेवढी चूक माझीही.

तुम्ही आलात की मी फोन आटोपता घ्यायची, त्याचंही सांगते. सखूबाई रोज विचारायची, कुंकू लावून कचेरीत गेले तर तिथं कुणी हसणार तर नाही ना? मी म्हणायची, आमच्या मॅडम तशा नाहीत.

अनुदान चालू झालं. पाडव्याच्या आधी पैसे आले. आदेश वाचून दाखवायला मी माळावर गेले. बांगड्याही घेऊन गेले, कारण मला माहीत होतं तिथं काय झालंय. तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. तुम्ही ग्रामपंचायतीपर्यंत आलात, माळ चढला नाहीत.

कचेरीच्या दारातून परत आल्या त्या दिवशी संध्याकाळी सगळ्यांनी आपापलं कुंकू पुसलं. कुणी सांगितलं नाही, कुणी जबरदस्ती केली नाही. नवरा मेला तेव्हा दुसऱ्यांनी बांगड्या फोडल्या होत्या, या खेपेला त्यांनी स्वतःच्या हातानं फोडल्या, देवळाच्या पायरीवर. सखूबाईनं मणी काढून नातीला दिले खेळायला. मी ओरडले, रडले. त्या शांत होत्या. आरशात बघा म्हणाले ना, बघितलं, एवढंच म्हणाल्या.

आता पैसे आले, आदेश आला, तुमची माफी आली. ते सगळं मी सांगितलं. रणधीर येऊन गेला, तेही त्यांनी मनापासून घेतलं, त्याला जेवू घालून पाठवलं. काही जणी पुन्हा बांगड्या भरायला तयार झाल्या. दोघींना मी भरल्यासुद्धा. मग सखूबाईपुढं परात धरली.

तिनं बांगड्यांवरून हात फिरवला. मॅडम चांगल्या हायती, म्हणाली. तुमच्याबद्दल तिच्या मनात काही नाही, हे मी मुद्दाम लिहिते. मग परात माझ्याकडं सरकवली आणि म्हणाली,

'ठिव पोरी. ह्या मॅडमला आता कळलं. पर त्या बदलून जातील, दुसरं कुणी येईल, त्याला कोण सांगत बसणार? असं रिकामं कपाळ असलं म्हंजी कुणी काई इचारत न्हाई.'

करिश्मा